आक्काच्या डोक्यावरचा गर्डर

दाजींचं आणि माझं कधीच जमलं नाही. घरातले लोक याची कारणं आपापल्या सोयीने सांगतात. कुणी म्हणतं मी जास्त शिकले म्हणून, कुणी म्हणतं ते कमी शिकले म्हणून. दोन्ही खोटं आहे. दाजी बिनडोक नाहीत, चांगले हुशार आहेत, आणि हुशार माणूस हट्टाला पेटला की त्याच्यापुढे देवही हात टेकतो. मीसुद्धा तशीच आहे असं आक्का म्हणायची. हल्ली ती माझ्याबद्दल काहीच म्हणत नाही, कारण ती माझ्याशी बोलतच नाही. का बोलत नाही, तेच सांगायचं आहे.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळच्या उदगीरच्या, वडलांचं भुसार मालाचं दुकान. आक्काला लातूरला दिलं, तिथे दाजींची डाळमिल आहे. मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझा विषय थकलेलं पोलाद. असं सांगितलं की लोक आधी हसतात, पोलाद कशाने थकेल म्हणून. पण लहानपणी तार मागे-पुढे वाकवून सगळ्यांनीच तोडलेली असते. एकदा वाकवून ती तुटत नाही, सारखी सारखी वाकवली की तुटते. गर्डरचंही तेच. ज्या वजनाने तो मोडायचा नाही, त्याच वजनाच्या रोजच्या थरथरीने त्याला केसाएवढी भेग पडते आणि ती कणाकणाने पुढे सरकत राहते. वरचा रंग मात्र तसाच चकचकीत. त्या भेगेचं काय करायचं, हेच मी आयुष्यभर शोधत आले आहे.

दाजींच्या मिलमध्ये डाळ चाळायची मोठी चाळणी वरच्या माळ्यावर बसवलेली होती. तो माळा लोखंडी गर्डरांवर उभा. चाळणी मोटरवर दिवसभर गदागदा हलायची, आणि तिच्या बरोबर खाली आक्काची खोली होती. खोली कसली, पत्र्याने आडोसा केलेला कोपरा. टेबल, खुर्ची, महादेवाचा फोटो, विभूतीची डबी. समोर पॅकिंगच्या बायका बसायच्या आणि आक्का त्यांच्यावर लक्ष ठेवायची. सासरच्या भल्यामोठ्या घरात तिला स्वतःचा म्हणावा असा कोपरा कुणी दिला नव्हता. सासू होती तोवर सासूचं राज्य, पुढे सुनांचं आलं. मिलमधला तो कोपरा मात्र आक्काचा होता. तिथे ती पाय पसरून बसायची, चहा मागवायची, चारदोन बायकांना दम द्यायची आणि खूश असायची.

त्या कोपऱ्यात फार उकडायचं. म्हणून दाजींनी पंखा लावून दिला. लटकवायला डोक्यावर छत नव्हतं, गर्डर होता. मग मिलच्या मिस्त्रीने गर्डरच्या खालच्या पट्टीला लोखंडी हुक वेल्डिंग करून टाकला आणि त्याला पंखा अडकवला. आक्काने त्या दिवशी मला मुद्दाम फोन केला होता. "ह्यांनी माझ्यासाठी पंखा लावला ग, मी काही म्हणले बी न्हवते." तिच्या संसारात न मागता मिळालेली ती पहिली वस्तू असावी.

भेग नेमकी त्या हुकापाशी सुरू झाली. हलणाऱ्या गर्डरच्या खालच्या पट्टीवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथे वेल्डिंग करून काहीही जोडू नये, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगते, आणि इकडे माझ्या सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर तोच उद्योग झालेला. दाजींच्या प्रेमाचा एकुलता एक पुरावा आणि त्याच्याच बुडाशी भेग, यावर कुणाला कविता सुचत असेल तर त्याने खुशाल करावी. तो हुक आठवला तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी ती भेग पहिल्यांदा बघितली तेव्हा एका लग्नासाठी लातूरला गेले होते. आक्काच्या खोलीत चहा पीत होते. सहज वर बघितलं तर पंख्याच्या हुकाच्या दोन्ही बाजूंनी रंगावर तांबूस ओघळ आले होते. लोखंडाची भेग अशीच स्वतःला दाखवते. आत दोन कडा एकमेकींवर घासतात, गंजाची भुकटी होते आणि ती बाहेर पडते. मी कप खाली ठेवला आणि दाजींना बोलावून आणलं.

"दाजी, ह्या गर्डरला भेग पडलीये."

"हाव, हाय की. मिस्त्रीनं भरलीय."

"भरली म्हणजे?"

"वेल्डिंग मारलं, वर प्लेट मारली. आता बापजन्मी हलत न्हाई."

मिस्त्री शेजारीच उभा होता. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या पोरीचं स्थळ मोडायला आले आहे. मी त्याला समजावलं की वेल्डिंगच्या उष्णतेने कडेचं लोखंड ठिसूळ होतं, ही भेग बुजली तरी प्लेटच्या काठाला दुसरी उघडेल, आणि ती हिच्यापेक्षा लवकर वाढेल. पालथ्या घड्यावर पाणी. मिस्त्री म्हणाला, "म्याडम, म्या ह्या मिलमधी काळं केस घेऊन आलो, आता पांढरे झाले." हे उत्तर कशाचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

"बरं, गर्डर राहू द्या," मी म्हटलं. "आक्काला तरी दुसरीकडे बसवा."

आता तरी दाजी हो म्हणतील असं वाटलं होतं. पण आडवी आली ती आक्काच. "मी न्हाई उठणार," ती म्हणाली. "ही माझी जागा हाय. तू आलीस की कायतरी मोडायलाच बघतीस." दाजी हसले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी क्वचितच पाहिलं होतं, ते व्हायला माझं तोंड दिसावं लागलं.

मग दाजींनी विचारलं की वेल्डिंग नको तर लोखंडाला काय लावायचं. त्यांचा सूर चिडवणारा होता हे मला कळत होतं, तरी मी सांगितलं. भेगेच्या टोकाशी गोल भोक पाडायचं, म्हणजे तिची धार बोथट होते. मग पोलाद घासून पांढरंफेक करायचं आणि त्यावर कार्बनच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीने चिकटवायचं. मी बोलतच होते आणि दाजींनी मांडीवर थाप मारली. "चिकटपट्टी! लोखंडाला चिकटपट्टी लावायली ही!" बाहेरच्या बायकांपर्यंत आवाज गेला. त्या दिवसापासून मी त्या घरात चिकटपट्टीबाई झाले. त्या लग्नाच्या पंगतीतही मला त्याच नावाने वाढलं.

पुढे बरेच महिने मी आक्काला फोन करून विचारायची, वरून काही पडतंय का. ती म्हणायची, "पडतंय की लालसर, पुसते मी." सांगताना तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. केसांत पडायचं, टेबलावर पडायचं, महादेवाच्या फोटोवर पडायचं. ती फडक्याने पुसायची. मी नांदेडला बसून दात खायची, दुसरं काय करणार?

एके दिवशी दाजींचा स्वतःचा फोन आला. तूरडाळीच्या कट्ट्यांमध्ये, भरलेल्या पोत्यांमध्ये, लाल कण निघाले होते आणि पार्टीने माल परत पाठवला होता. मिस्त्रीच्या प्लेटच्या काठाला नवी भेग उघडली होती, ती खालच्या पट्टीतून गर्डरच्या उभ्या पत्र्यात चढली होती आणि तिचा गंज खाली येत होता. माझ्या शब्दाला शब्द तसंच घडलं होतं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. "ये अन् तुझी चिकटपट्टी लाव," दाजी म्हणाले. बायकोच्या डोक्यावर गंज पडत होता तोवर सगळं ठीक होतं, डाळीत पडला तेव्हा माझी आठवण झाली. हे मी त्यांना तेव्हाच सुनावलं. त्यांनी फोन ठेवून दिला, पण बोलावणं मागे घेतलं नाही.

कॉलेजातून सामान घेऊन मी गेले. मिस्त्रीचं सगळं वेल्डिंग काढून टाकलं. पंख्याचा हुकही कापून काढला. आक्का दारात उभी राहून बघत होती आणि पंखा खाली उतरला तेव्हा तिचं तोंड उतरलं. मी तिला त्याच संध्याकाळी उभा पंखा आणून दिला. तो तिने बायकांकडे तोंड करून ठेवला आणि स्वतः पदराने वारा घेत बसली.

या कामात सगळ्यात अवघड भाग चिकटवण्याचा नसतो, स्वच्छतेचा असतो. घासलेल्या पोलादावर तेलकट बोट लागलं तरी पुढे तिथून पट्टी सुटते. मी सगळ्यांना दटावून लांब ठेवलं होतं. तेवढ्यात आक्का विभूतीची डबी घेऊन शिडीपाशी आली. नव्या कामाला आधी विभूती लावायची, आमच्या घरात लहानपणापासून तसंच. मी वरूनच ओरडले, "आक्का, हात लावायचा नाही." ती म्हणाली, "देवाचं हाय ग." मी म्हटलं, "देवाचं असू दे नाहीतर कुणाचं, पट्टी बसल्यावर काय लावायचं ते लाव." चारचौघांत मी तिच्यावर ओरडले हे तिने मनाला लावून घेतलं, आणि मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही. गर्डर तिच्याच डोक्यावर होता.

कार्बनच्या कापडात मी एका खास मिश्रधातूच्या तारा घातल्या होत्या. निकेल आणि टायटॅनियमच्या. या तारा आधी ताणून ठेवतात. पट्टी चिकटून घट्ट झाली की त्यांना तापवायचं. तापल्यावर त्या आपल्या मूळ लांबीकडे आखडायला बघतात, पण दोन्ही टोकं पट्टीत घट्ट अडकलेली, म्हणून भेगेच्या दोन्ही कडा त्या आवळून धरतात. थंड झाल्यावरही पकड सुटत नाही. गरम हवा फेकणारी बंदूक घेऊन मी त्या तारा तापवल्या, आणि भेगेच्या दोन बाजूंना लावलेल्या मापकावरचा काटा हळूहळू मागे सरकला. भेग मिटत होती. माझं काम यशस्वी झालं की मी देखील माणसासारखी हसते. शिडीवरून उतरले आणि आक्काला म्हटलं, "लाव आता विभूती." तिने शिडीवर चढून त्या काळ्या पट्टीवर तीन बोटं ओढली.

निघताना मी दाजींना दोनच गोष्टी सांगितल्या. टोकाशी पाडलेलं भोक उघडं ठेवायचं, त्याच्यावर रंग द्यायचा नाही. आणि दर सोमवारी आक्काची पूजा झाली की बॅटरी मारून त्या भोकाकडे बघायचं. भेग पुढे निघाली तर तिथेच दिसेल. दाजींनी मान डोलावली. त्यांची मान सगळ्यांसाठी डोलते.

पट्टी टिकली. वर्ष उलटलं तरी गंजाचा एक कण खाली आला नाही. आणि मग दाजींनी रंग बदलला. मिलमध्ये जो येईल त्याला ते आक्काच्या खोलीत नेऊन वर बोट दाखवायचे. "आमच्या मेहुणीनं केलंय. विमानाला लावतात तसलं हाय. आता ह्या गर्डरवर हत्ती उभा करा." हे मला पाहुण्यांकडून कळायचं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो हत्ती मला तेव्हाच खटकायला हवा होता असं कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. पट्टी भेग धरून ठेवते, वजन वाढवायचा परवाना देत नाही, हे मी दाजींना शिडीखाली उभं राहून सांगितलं होतं. ऐकायचं काम त्यांचं होतं.

यंदा दसऱ्याला मी लातूरला गेले. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची, हत्यारांची पूजा होते. पुसून, धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून सगळं मांडून ठेवायचं. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्यार उचलायचं नाही. सकाळी आक्काच्या हातची पूजा चालू असताना मी मिलमध्ये शिरले आणि वर बघितलं. माळ्यावर जुन्या चाळणीच्या शेजारी दुसरी, नवी कोरी चाळणी बसवलेली होती. तिलाही हार. गर्डर हिरव्या ऑइलपेंटने रंगवून काढलेला, माझी पट्टी, भोक, सगळ्यासकट. पट्टीच्या जागी रंगावर विभूतीची तीन बोटं आणि एक मोठा हार. ज्याला हार घातला त्याला तपासायचं कोण? माझी पट्टी त्या घरात देव झाली होती आणि देवाला बॅटरी मारून कुणी बघत नाही.

"पंधरवडा झाला, ट्रायल घिऊन बघायलो," दाजी म्हणाले. "उद्या सकाळी मुहूर्त हाय. दोन्ही संगं चालू."

मी शिडी ओढली आणि आक्काच्या टेबलावरची सुरी घेऊन भोकापाशी रंग खरवडला. दाजी खालून ओरडत होते. रंगाखाली जे दिसायचं तेच दिसलं. भोकाच्या वरच्या काठातून भेग पुन्हा निघाली होती. बोटाच्या पेराएवढी. नुसत्या ट्रायलवर.

मग जे भांडण झालं ते पूजेच्या दिवशी होऊ नये असं होतं. मी म्हटलं, नवी चाळणी खाली उतरवा. ते म्हणाले, तूच मजबूत केलंस ना? मी म्हटलं, होतं तेवढ्या वजनासाठी केलं. ते म्हणाले, खामखा भीती घालायलीस. मी म्हटलं, आक्काला इथून उठवा. आक्का ताटातली फुलं नीट करत म्हणाली, "मी कुटं जात न्हाई. पट्टीवर रोज विभूती लावते मी. कायी होत न्हाई." शेवटी मी कारखाना तपासणाऱ्या खात्याकडे तक्रार करायची धमकी दिली. दाजी शांत झाले. ते शांत झाले की जास्त वाईट असतात.

"करा की म्याडम," ते म्हणाले. एरवी ते मला 'तू' म्हणतात. "साहेब येतील, विचारतील कुणी पास केलं. मी वर बोट दावतो. पट्टी कुणाची हाय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी पट्टी आहे तोवर आक्का त्या खुर्चीवरून उठणार नव्हती आणि दाजी चाळणी उतरवणार नव्हते. दोघांनाही धीर माझ्याच कामाचा होता.

दुपारी पुरणपोळी खाऊन घर झोपलं. मी मिलमध्ये परत आले. सगळी यंत्रं हार घालून गप्प बसली होती. मिस्त्रीचं वेल्डिंगचं मशीन, त्याच्यावर जास्वंद. त्याच्या शेजारी पाने, हातोडे, छिन्न्या ओळीने मांडलेल्या, आणि त्या ओळीत माझी गरम हवेची बंदूक. मागच्या खेपेला मी ती आक्काच्या कपाटात विसरले होते. आक्काने तिलाही कुंकू लावलं होतं. मी ती उचलली. छिन्नीही उचलली. तोवर माझ्या हातून देवाधर्माच्या बऱ्याच गोष्टी मोडल्या असतील, पण जाणूनबुजून मोडलेली ही पहिलीच.

इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. पट्टीची एक कड तापवायची, छिन्नी सारायची, थोडं सोलायचं, पुन्हा तापवायचं. रंग जळून खोलीत घाण वास भरला. त्या पट्टीइतकं चांगलं काम मी याआधीही केलं नव्हतं आणि पुढे करीन की नाही माहीत नाही. पट्टी सहजी सुटत नव्हती. मी तिला शिव्या दिल्या, दाजींना दिल्या, त्या हुकाला दिल्या, रडले सुद्धा. सुटली तेव्हा कडकड आवाज झाला.

खाली बघितलं तर आक्का दारात उभी. नवं लुगडं, हातात आरतीचं ताट.

"आज खंडेनवमी हाय," ती म्हणाली.

"माहितीये."

"मी पुजलेलं उचललंस."

"हो."

ती तशीच उभी राहिली. तिने मला अडवलं नाही, हे मला नंतर पुष्कळदा आठवलं आहे. तेवढ्यात पॅकिंगच्या बायका प्रसादाला आल्या. सणाची लुगडी नेसून, गजरे माळून. त्या आत आल्या आणि वर बघत थांबल्या. पट्टी गेली, आवळून धरणारं काही उरलं नाही आणि वर दोन चाळण्यांचं वजन. हिरव्या गर्डरच्या पोटात घासलेल्या पोलादाचा एक पांढरा चौकोन आणि त्याच्या मधून आरपार गेलेली काळी रेघ. पण रेघ दाखवून कुणाला काय कळतं? कोपऱ्यात उद्यासाठी आणलेल्या आपट्याच्या फांद्या होत्या. मी खाली उतरले, एक पान तोडलं, पुन्हा वर गेले आणि पानाची कड त्या रेघेत सारली. पान आत गेलं. मी हात काढून घेतला. पान तिथेच लटकत राहिलं.

मग त्या बायकांतली एक म्हातारी म्हणाली, "आक्का, तुमी ह्याच्या खाली बसत व्हता?"

आक्काने ताट टेबलावर ठेवलं आणि महादेवाचा फोटो भिंतीवरून काढला. फोटो पोटाशी धरून ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

मग दाजी आले आणि त्यांनी आकाशपाताळ एक केलं. ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. मिस्त्रीला माणूस पाठवून बोलावलं. तो कपाळाला भस्माचे पट्टे लावून आला, वर बघितलं, लटकणारं पान बघितलं.

"वेल्डिंग मार," दाजी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. सकाळी मुहूर्त हाय."

"आज हत्यार उचलत न्हाई मालक. उद्या सोनं लुटल्यावर बघू."

"सोनं संध्याकाळी लुटत्यात. मुहूर्त सकाळचा हाय."

"मुहूर्त तुमचा, हत्यार माझं," मिस्त्री म्हणाला आणि पायताण घालून निघून गेला. ज्या माणसाने तो हुक लावला होता, ज्याच्यावर मी आजवर दात धरून होते, त्याचा आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला नाही.

दाजींनी मला "निघा म्याडम" म्हटलं. ते मी गृहीत धरलं होतं. आक्काकडे मात्र मी वळून बघितलं. अंगणात फोटो छातीशी धरून ती उभी होती. "माझ्या पूजेवर पाय दिलास तू," ती म्हणाली. "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." ती रागाने बोलली नाही, म्हणूनच मला ते खरं वाटलं. मी एसटी पकडली. अहमदपूर मागे पडलं तरी पिशवी मांडीवरच होती आणि पिशवीत ती सोललेली पट्टी. वरचा हिरवा रंग जळून निघाला होता. त्याच्याखाली आक्काने पहिल्या दिवशी ओढलेल्या तीन बोटांच्या पुसट रेघा होत्या.

पुढचं मला त्या म्हाताऱ्या बाईकडून कळलं. दसऱ्याच्या सकाळी एकही बाई त्या माळ्याखाली बसायला तयार झाली नाही. मुहूर्त टळला. दाजी मुहूर्ताशिवाय नवं यंत्र सुरू करणारे नव्हेत, म्हणून ते दिवाळीच्या पाडव्यापर्यंत रखडलं, आणि तोवर त्यांनी गर्डर बदलून घेतला. नवी चाळणी खाली जमिनीवर सिमेंटच्या ओट्यावर बसवली. मला कुणी विचारलं नाही. आक्काची खुर्ची आता फाटकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे उकडतं म्हणे, पण दाजींनी पंखा लावून दिला आहे, खांबाला. चांगला गर्डर होता, तो चिकटपट्टीबाईनं मोडला आणि आम्हाला खर्चात घातलं, असं ते पंगतीत सांगतात. सांगू देत.

दर सोमवारी आक्काची पूजा आटोपायच्या वेळेला मी तिला फोन लावते. तो थोडा वेळ वाजतो आणि मग ती तो कापते. तिने कापला की मी माझ्या कामाला लागते.